अवतरणचिन्हं फक्त मराठीच्या तासाला नसतात



बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे तर दुहेरी अवतरणचिन्ह, हे आपण वर्गात शिकवतो. संगणकालाही ते तसंच सांगावं लागतं.

आपल्यातले काही जण प्रगतिपत्रकासाठी छोटे प्रोग्रॅम वापरतात. त्यांची सेटिंग फाईल बऱ्याचदा यॅमल प्रकारची असते. डावीकडे नाव, मग अपूर्णविराम, उजवीकडे किंमत. किंमतीला अवतरणचिन्ह द्यायची सक्ती नाही. नाही दिलं तर हा शब्द, संख्या की हो-नाही, हे प्रोग्रॅमच ठरवतो. बहुतेक वेळा बरोबर ठरवतो, म्हणून तर आपण गाफील राहतो!

समजा, हजेरी क्रमांक तीन आकडी दिसावा म्हणून तुम्ही इंग्रजी अंकांत ०१२ लिहिलं. यॅमलच्या १.१ आवृत्तीत सुरुवातीला शून्य असलेली संख्या आठाच्या गटांनी मोजतात. एक आठ आणि वर दोन, झाले १०. म्हणजे बाराव्या मुलीचे गुण दहाव्या मुलाच्या पत्रकात जाऊ शकतात, आणि पडद्यावर चुकीचा एक शब्दही येत नाही. पायथनमधली पाय-यॅमल ही लायब्ररी अजून याच जुन्या नियमाने चालते. गंमत म्हणजे ०८ आणि ०९ ला ती हात लावत नाही, कारण आठाच्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत.

पाठ क्रमांक ३.१० लिहा, त्याचा ३.१ होतो. नॉर्वेचं दोन अक्षरी चिन्ह एन-ओ, म्हणजे इंग्रजीतलं 'नो'. त्याचा अर्थ चक्क 'नाही' लावला जातो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे हो-नाहीचं खूळ काढलं, पण जुने प्रोग्रॅम कुठे बदललेत?

माझ्या मते चिन्ह द्यायचं की नाही हे ठरवणं सोपं आहे. ज्याची बेरीज करायची, ते गुण तसेच सोडा. हजेरी क्रमांक, मोबाईल नंबर, पिनकोड यांची बेरीज आपण कधीच करत नाही. तेव्हा ते अवतरणचिन्हात. साध्या मजकुराला एकेरी चिन्हही चालतं.

पालकांनो, घरी हे कोडं जरूर घाला: ०१२ चे १० झाले, तर ०१७ चे किती?