लाल थेंब

आमच्या प्रयोगशाळेत चरबी पिकते. तळहातावर मावेल एवढी प्लेट आणि तिच्यात उंदराच्या पेशी. वाणाचं नाव ३टी३-एल१. अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन यांनी १९७०च्या दशकात तो निवडून काढला, तेव्हापासून जगभर याच पेशींवर लठ्ठपणाचे प्रयोग चालतात. पेशी प्लेटभर दाटल्या की दोन दिवस थांबायचं, मग इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स एकत्र द्यायचं. आठ-दहा दिवसांत लांबुळक्या पेशी गोल होतात आणि कटाच्या आमटीवर तवंग यावा तसे आत थेंब धरतात. ‘ऑइल रेड ओ’ हा रंग टाकला की थेंब कुंकवासारखे लाल.

हळदीतलं कर्क्युमिन किंवा दारुहळदीतलं बर्बेरिन आधीच घातलं, तर हा लाल रंग फिका पडतो. पेशीला चरबीची हो म्हणून हुकूम सोडणारं पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन असतं. ही द्रव्यं त्याचाच आवाज दाबतात. एवढ्यावर शोधनिबंध लिहिले जातात आणि गोळ्यांच्या डब्याही खपतात.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका अर्काने प्लेट जवळजवळ पांढरी करून दाखवली. मी धावत माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाल्या, “चरबी कुठे गेली ते नंतर विचार. पेशी कुठायत?” मात्रा इतकी जास्त होती की पेशी मरून धुण्यात वाहून गेल्या होत्या.

प्लेटमधली मात्रा रक्तात पोचते का, हा पुढचा पेच. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर शोषण वीसपट झालं. पण मुळात नगण्य असलेल्याचे वीसपट! शिवाय २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे साधारण साठ-सत्तर ग्रॅम हळद. आमटीतली चिमूट आमटीसाठीच ठीक.

तरी मला खरी टोचणी वेगळ्याच गोष्टीची आहे. मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन हे औषध पीपीएआर-गॅमाला दाबत नाही, उलट चेतवतं. नव्या चरबीपेशी बनतात, वजन थोडं वाढतं आणि रक्तातली साखर उतरते. उलटपक्षी, ज्यांच्या अंगात जन्मतःच चरबीपेशी जवळपास नसतात, ती माणसं सडपातळ दिसतात, पण त्यांचं यकृत चरबीने भरतं आणि मधुमेह लहान वयातच गाठतो. कणगीच नसेल तर धान्य घरभर सांडणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलेली आपली बाळं आठवतात. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५, पण पाठीवरच्या चिमटीत चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या चरबीचा हिशोब वजनकाट्यावर लागत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मोठेपणी चरबीपेशींची संख्या फारशी हलत नाही. दरवर्षी सुमारे १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. हा नव्यांचा ओघ एखाद्या गोळीने खरोखर अडवला आणि जेवण तेच ठेवलं, तर उरलेल्या पेशी फुगत जातील, असं मला वाटतं.

मावशी दर दिवाळीला विचारते, “मग घेऊ का गं ती हळदीची गोळी?” मी तिच्या यकृताच्या सोनोग्राफीचा कागद मागते. सध्या आम्ही शेजारच्या प्लेटमध्ये यकृताच्या पेशी वाढवतो आणि दोन्ही एकाच दिवशी रंगवतो. चरबीची प्लेट फिकी पडली, तरी आधी मी दुसरीच उचलते.