पोप, पूर आणि दादा

परवा सांगलीला दादाकडे गेले होते. दादा गावभागात राहतो. चहा झाला आणि आमचा जुना वाद निघाला: अलेक्झांडर पोप! मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. इंग्रजी कविता मला दादानं शिकवली, तीही निवृत्तीनंतर. पोपचं 'द रेप ऑफ द लॉक' वाचताना मी पोट धरून हसले होते. एका मुलीची केसांची बट कापली म्हणून दोन घराण्यांत भांडण, आणि वर्णन मात्र महायुद्धाच्या थाटात!

गाडी अडली ती 'ॲन एसे ऑन मॅन'वर. १७३३-३४ साली आलेलं हे दीर्घकाव्य. त्याचं म्हणणं असं, की माणसाला विश्वाचा एक तुकडाच दिसतो, म्हणून त्याला गोष्टी चुकीच्या वाटतात. सगळी रचना दिसली तर तक्रारीला जागाच उरणार नाही.

ऑगस्ट २०१९च्या आधी मला हे पटायचं. मग पूर आला. आमच्या साताऱ्याकडचा पाऊस कृष्णा-कोयनेतून शेवटी सांगलीलाच जातो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दादाच्या घरात छातीएवढं पाणी, पुस्तकांचा नुसता लगदा. चिखल उपसताना मी चिडून म्हटलं, "आता सांग, यात कसली रे रचना?" १७५५च्या लिस्बनच्या भूकंपानंतर व्होल्टेअरनंही कवितेतून हेच विचारलं होतं.

दादा तेव्हा काही बोलला नाही. परवा बोलला. "पोपला लहानपणीच्या आजारानं कुबड आलं. उंची जेमतेम साडेचार फूट. आपल्या तुकोबांची बायको दुष्काळात गेली. अशी माणसं समाधानाचं बोलतात तेव्हा ऐकावंसं वाटतं. माझं घर बुडालं तेव्हा मी स्वतःला पोप ऐकवला, मला चालला. शेजारच्या काकू रडत होत्या, त्यांना नाही ऐकवला. त्यांच्या घरातला चिखल काढू लागलो."

मी गप्प. नापास झालेल्या किती मुलांना 'होतं ते बऱ्यासाठीच' असं मी सहज सांगून टाकलं असेल! तत्त्वज्ञान खरं की खोटं हा प्रश्न आहेच, पण ते कोण कोणाला सांगतंय हेही पाहायला हवं.

असो. निघताना दादानं पोपची नवी प्रत माझ्या पिशवीत टाकली. म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे. साताऱ्याला पाणी चढत नाही."