तोरणमाळ, तोरणा नव्हे!

‘‘तोरणा? अरे वा, ट्रेक का?’’ सुट्टीचा अर्ज टाकल्यापासून हे वाक्य मी ऑफिसमध्ये किमान सहा वेळा ऐकलं. तोरणा नाही हो, तोरणमाळ! पुण्याजवळचा किल्ला नाही, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. नंदुरबार जिल्ह्यात. की लगेच पुढचा प्रश्न तयार, ‘‘नंदुरबार? ते गुजरातमध्ये ना?’’ आता यावर चिडायचं तरी कसं? मुंबईहून नंदुरबारला जाणारी गाडी खरंच आधी गुजरातेत शिरते, सुरतेकडून वळते आणि तापीच्या खोऱ्यातून पुन्हा महाराष्ट्रात येते. आपल्याच राज्यातल्या जिल्ह्यात जायचं तर दुसऱ्या राज्यातून! मला तर या उफराट्या प्रवासाचंच जास्त अप्रूप वाटत होतं.

तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखा होता, ‘‘तिथे बघण्यासारखं आहे काय?’’ आणि माझं उत्तर होतं, फारसं काही नाही. म्हणून तर चाललोय. माझी एक मैत्रीण त्याच सुमारास दक्षिण इटलीतल्या समुद्रकाठच्या कुठल्याशा चिमुकल्या गावातून फोटोंचा मारा करत होती. पांढऱ्या भिंती, रिकाम्या गल्ल्या, उन्हात पेंगणारं मांजर. ‘इथे कुण्णी नाही, नुसती शांतता!’ असं प्रत्येक फोटोखाली. आम्हा दोघांची रजा जमवून जमवून तीन दिवसांची, बजेट त्याहून लहान. इटली काही परवडणारी नव्हती. पण नुसती शांतता? ती मिळायला हवी होती. महाबळेश्वरला शांतता शोधायला जावं, तर स्ट्रॉबेरी क्रीमच्या रांगेत पुढे आपलाच टीम लीडर उभा!

तर, डिसेंबरातल्या एका पहाटे नंदुरबारला उतरलो आणि पहिलं काय झालं? दोघांना सटासट शिंका! गावाबाहेरच्या मोकळ्या माळांवर लालभडक मिरची वाळत घातलेली असते. ‘पथारी’ म्हणतात तिला इथे. नजर जाईल तिथवर लाल गालिचा. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ मोठी, हे वाचलेलं होतं. ते नाकाने असं कळेल याची कल्पना नव्हती.

तिथून जीप केली. चालक आमच्याच वयाचा, तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावरचा पावरा मुलगा. मुलगा काय म्हणते, दोन पोरांचा बाप. घरात पावरी, आश्रमशाळेत शिकलेली मराठी, टीव्हीवरची हिंदी आणि शिवाय फर्डी गुजराती. ही गुजराती त्याने कुठून उचलली ते दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मी नुसतीच इम्प्रेस झाले.

प्रकाशाला तापी ओलांडली. या गावाला दक्षिण काशी म्हणतात, घाटावर देवळंही आहेत, पण आम्हाला वरची ओढ. शहाद्यात भजी आणि चहा. मग म्हसावद, दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. एखाद्या सधन तालुक्यात असावं तसं सगळं हिरवंगार. राणीपूर आलं आणि सपाटी एकदम संपली. समोर सातपुडा उभा! घाटाला सातपायरी घाट म्हणतात. गाडी एकेक पायरी चढल्यासारखी वळणं घेते आणि दर वळणाला खालचा सपाट मुलूख आणखी एक घडी घालून लहान होतो. मी खिडकीतून अर्धी बाहेर, कॅमेरा हातात. ‘‘ताई, आत बसा,’’ दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, न विचारताच, ‘‘पलीकडं सिंदीदिगरच्या रस्त्याला २०२१ मध्ये जीप गेली होती दरीत. माणसं होती भरलेली.’’ त्याने गाडी आणखी सावकाश घेतली. मी कॅमेरा बॅगेत ठेवला.

वर पोहोचलात की पहिल्यांदा दिसतो यशवंत तलाव. आणि मग काय दिसतं? काही नाही! घोडेवाले नाहीत, चिक्कीची दुकानं नाहीत, ‘पॉइंट’वर नेमबाजीचे फुगे नाहीत. डोंगरमाथ्यावरच्या पठारावर एक ऐसपैस तलाव, काठाने झाडी, चार-दोन टपऱ्या. उंची साधारण १,१५० मीटर. म्हणजे माथेरानपेक्षा चांगलं तीनशे मीटर जास्त. पण माथेरानला १९०७ पासून छोटी रेल्वे आहे आणि मुंबई हाकेच्या अंतरावर आहे. तोरणमाळ पडलं कोपऱ्यात, अगदी मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकून. साहेबांना मुंबई-पुण्याच्या उकाड्यातून पळायला जी गिरिस्थानं हवी होती, त्यांत हे नव्हतं. त्यामुळे इथे बंगले नाहीत, मॉल रोड नाही. नंदुरबार हा जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ चा, धुळ्यातून वेगळा झालेला.

संध्याकाळ तलावाकाठी नुसती बसून काढली. शेवटचं कधी बसलो होतो असं, आठवेना. नवरोबांनी दोनदा खिशातला फोन काढून बघितला, रेंज शून्य, आणि तिसऱ्यांदा काढलाच नाही. अंधार पडला तशी थंडी अशी काही चढली की रात्री दोन रजया आणि वर स्वेटर. सकाळी उठून बघतो तर जीपच्या काचेवर पांढरा थर. दहिवर गोठलं होतं! खान्देशात, जिथलं उन्हाळ्याचं तापमान ऐकूनच घाम फुटतो, तिथे बर्फ खरवडत उभे होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी आधी यादीतली ठिकाणं उरकली. सीताखाई : खोल, सरळसोट दरी, आणि पावसाळ्यात मोठा धबधबा. डिसेंबरात पाणी नावाला, पण दरीच्या काठावर उभं राहिलं की पाय आपोआप एक पाऊल मागे येतात. कमळ तलाव. मच्छिंद्रनाथांची गुंफा. गोरखनाथांचं मंदिर, जिथे महाशिवरात्रीला तीन राज्यांतून माणसं चालत येतात आणि हे निवांत गाव माणसांनी फुलून जातं. तोरणादेवीचंही देऊळ आहे. तिच्यावरून गावाचं नाव पडलं असं कुणी सांगतं, तर कुणी म्हणतं तोरणाच्या झुडपांवरून. दोन्ही छान. मी दोन्हीला मान डोलावली.

खरा दिवस सुरू झाला तो त्यानंतर. ‘‘माझ्या घरी चला,’’ दादा म्हणाला, ‘‘जेवूनच जा.’’ खडकीच्या बाजूने गाडी थोडी खाली उतरली आणि मग आम्ही चालायला लागलो. पावऱ्यांचा पाडा म्हणजे घराला घर चिकटून नाही. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. एक इथे, दुसरं पलीकडच्या टेकाडावर, मध्ये ओहोळ. कुडाच्या भिंती, मातीने सारवलेल्या, वर कौलं. ऊन कोवळं, हवा अशी स्वच्छ की लांबच्या डोंगरावरचं एकेक झाड मोजावं. आवाज कसला तो नाही. मी अगदी भारावून म्हटलं, ‘‘किती शांत आहे हो तुमच्याकडे!’’

‘‘शांत राहणारच,’’ तो म्हणाला. ‘‘माणसं कुठं आहेत?’’

तेव्हा मी बघितलं. मघापासून ओलांडलेल्या कितीतरी घरांच्या दारांना कुलपं. काहींना नुसत्या दोऱ्या. एका अंगणात चूल मोडून ठेवलेली. दिवाळी झाली की पाडाच्या पाडा उतरतो, ऊसतोडीला, गुजरातेत. नवरा-बायको, लहान पोरं, कोंबड्यासुद्धा. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं, तीही सगळीच नाहीत. दादा स्वतः लग्नानंतर चार वर्षं कोयता घेऊन जात होता. त्याची फर्डी गुजराती तिथली. पुढे पैसे साठवून आणि थोडे उसने घेऊन भागीत जीप घेतली, म्हणून यंदा तो घरी. ‘‘होळीला या,’’ तो म्हणाला. ‘‘होळीला सगळे परत येतात. मग बघा शांतता!’’ आणि खदखदून हसला.

सातपुड्यात होळी ही दिवाळीहून मोठी. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरं बांधून बाप्ये नाचतात. हे सगळं मी फोटोंत बघितलेलं होतं. पण फोटोत कुणी सांगत नाही की हा सण इतका मोठा असण्यात माणसं घरी परतण्याचाही वाटा आहे.

आणि तिथे, त्या कुलपांच्या पाड्यात, मला मैत्रिणीचे इटलीचे फोटो आठवले. रिकाम्या गल्ल्या, पेंगणारं मांजर! तिथली माणसं तरी कुठे गेली होती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इटलीतून लाखो माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली, नंतर उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. अजून जातात. सिसिलीतल्या सांबुकासारख्या गावाने २०१९ मध्ये ओसाड घरं एक युरो बोलीने विकायला काढली होती. बातमी वाचून आपण सगळे किती हरखलो होतो, ‘घेऊन टाकूया का एक?’ माणसं निघून गेल्यावर जे उरतं, त्याला पाहुणे शांतता म्हणतात की काय?

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘सुट्टीवर आहेस, जरा दम घे.’’ बरोबर होतं त्याचं. पण तोही नंतर कुलपं मोजत चालला होता, मी बघितलं.

दादाच्या घरी त्याची आई आणि बायको. पाणी दिलं, खाट अंगणात ओढली. जेवायला मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा. बस्स. कुठल्याही ‘ऑथेंटिक’ थाळीवाल्याने इथे येऊन डाळीला हात जोडावेत! दाट, धुराचा वास असलेली, वर काही नाही, आणि तरी तिसरी वाटी मागावीशी वाटणारी. आजींना मराठी येत नव्हती, मला पावरी येत नव्हती. त्यांनी माझ्या हातातलं घड्याळ बघितलं, मी त्यांच्या गळ्यातली चांदी बघितली. दोघी खूश.

निघताना त्यांनी आमचूर काढला. धडगावकडचा हा सगळा पट्टा आमचुरासाठी प्रसिद्ध. उन्हाळ्यात कैऱ्या सोलायच्या, चकत्या करायच्या, उन्हात वाळवायच्या. चकती जितकी पांढरी तितका व्यापाऱ्याकडे भाव जास्त. कामही बहुतेक बायकांचंच. मुंबईत आपण पाकिटातली ती करडी पूड छोल्यांवर भुरभुरतो, ती कुणाच्या तरी एप्रिल-मेच्या अंगणातून आलेली असते. मी दोन किलो घेतला. दोन किलो आमचुराचं काय करणार, असं सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलंच.

संध्याकाळी परत वर येताना एका वळणावर दादाने गाडी उभी केली. ‘‘इथं रेंज येते. घरी फोन करायचा तर करून घ्या.’’ तिथे आधीच तिघे उभे होते, हात उंच धरून. एक जण आपल्या गुजरातेतल्या भावाशी बोलत होता. दुसरा पोराच्या तापाचं विचारत होता. आम्ही कालपासून ज्या ‘नो नेटवर्क’वर खूश होतो, त्याचं या तिघांना काय कौतुक? पावसाळ्यात रात्री कुणाला त्रास झाला तर आधी या वळणापर्यंत यायचं, फोन लावायचा, आणि रस्ता नसेल तिथून माणसाला झोळीत घालून खांद्यावर आणायचं. दादाने त्याच्या बायकोला पहिल्या बाळंतपणात असंच आणलं होतं. बाळ वाचलं, तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

अशा लेखाचा शेवट कसा करायची पद्धत आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. ‘ही जागा कुणाला सांगू नका, नाहीतर तिचंही लोणावळा होईल!’ मीही तेच लिहिणार होते. तलावाकाठी प्लॅस्टिकचा ढीग आणि कर्णकर्कश डीजे मलाही नको आहे. म्हणून परतताना टपरीवर चहा पिताना मी दादाला विचारलं, सांगू का लोकांना? टपरीवालाच मध्ये बोलला, ‘‘सांगा ना ताई! शनिवार-रविवारी चार गाड्या आल्या तर माझा पोरगा का जाईल ऊस तोडायला?’’ दादाचं म्हणणं थोडं वेगळं. गाड्या येऊ देत, पण जमीन नको घ्यायला कुणी. बाहेरचा पैसेवाला येऊन रिसॉर्ट बांधणार आणि आम्ही तिथे वेटर होणार, हे त्याला मान्य नव्हतं. दोघांची चांगली जुंपली, अर्धी पावरीत. आमचा चहा गार झाला. जिल्ह्यात दर दहा माणसांत जवळपास सात आदिवासी आहेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. तेव्हा हा वाद त्यांनीच मिटवलेला बरा. माझं मत विचाराल तर मी दादाच्या बाजूने.

तर सांगते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात धबधबे आहेत पण घाट सांभाळून. नंदुरबार किंवा शहाद्याहून जीप करा, स्थानिक माणसाची. राहण्याची सोय मोजकी आहे, आधी ठरवून जा. रोख पैसे ठेवा. गरम कपडे न्या, खान्देश आहे म्हणून फसू नका. मक्याची भाकरी कुणी पुढे केली तर नाही म्हणू नका. आणि प्यायल्या पाण्याची बाटली परत घेऊन या, तिथे ती उचलायला कुणी नाही.

परवा होळीच्या आठवड्यातली नंदुरबारची तिकिटं बघितली. वेटिंग चौदा. बॉसला अजून सांगितलेलं नाही. दादाला मात्र त्या वळणावर असताना फोन लागला एकदाचा, तर म्हणाला, ‘‘या ताई, पण या वेळी खोली मिळणार नाही. अंगणातच झोपायचं.’’