योनाचे भाकीत

२०२० च्या एप्रिल महिन्यातील ती रात्र माझ्या स्मरणातून जात नाही. टाळेबंदीला महिना लोटला होता. चर्चची दारे बंद होती आणि मी दररोज धर्मग्रामातील कुटुंबांना मोबाइलवरून एकच संदेश धाडीत होतो: घराबाहेर पडू नका. रात्री दहाच्या सुमारास एका मावशींचा फोन आला.

"फादर, सुनेचे दिवस भरलेत. सकाळपासून पाणी जातंय. पण बाहेर पडू नका म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? आमच्या वेळी सुईण घरीच सोडवायची."

माझेच शब्द माझ्यापुढे उभे राहिले. वाहन मिळविण्यात तास गेला. पहिल्या प्रसूतिगृहाने तपासणीचा अहवाल मागून त्यांना परत पाठविले. दुसरीकडे पहाटे प्रसूती झाली. आई वाचली, बाळ मृत जन्मले. त्याच दिवशी चौघांच्या उपस्थितीत आम्ही त्या चिमुकल्या देहाला मूठमाती दिली.

पुढे मे २०२० मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अंदाज मांडला. विषाणूने किती माता दगावतील, याचा तो हिशेब नव्हता. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या ११८ देशांत आरोग्यसेवा सहा महिने विस्कळीत झाल्या, तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. सेवा थोड्या घटल्या, तर १२,२०० आणि निम्म्याच्या आसपास घटल्या, तर ५६,७०० मातांचे जादा मृत्यू होतील, असे उत्तर आले. त्यांपैकी सुमारे ६० टक्के मृत्यू चार साध्या गोष्टींच्या अभावी होणार होते: गर्भाशय आकुंचित करणारे औषध, प्रतिजैविके, झटके थांबविणारे औषध आणि स्वच्छ प्रसूतिस्थान.

शेजारच्या नेपाळमध्ये त्या भयाचा प्रत्यय लवकरच आला. तेथील नऊ रुग्णालयांच्या पाहणीत टाळेबंदीच्या काळात प्रसूतींची संख्या निम्म्याहून खाली आल्याचे आढळले. मृतजन्मांचे प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेले. ही आकडेवारी वाचताना त्यांतील एक मूठमाती माझ्या हातची आहे, असे मला वाटत राहिले.

वाचकहो, पवित्र शास्त्रातील योना संदेष्टा आपल्या परिचयाचा आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरीचा नाश होईल, असे त्याने घोषित केले. लोकांचे मनःपरिवर्तन झाले, नगर वाचले आणि भाकीत खोटे ठरले म्हणून योना रुसला. परंतु ते खोटे ठरावे, हीच तर परमेश्वराची इच्छा होती! शास्त्रज्ञांचे अंदाजही याच जातीचे असतात. ते विधिलिखित नसतात. वेळीच जागे होणाऱ्यांसाठी ती हाक असते.

दफनविधीच्या संध्याकाळी मी माझा संदेश बदलला: घरी राहा, परंतु गरोदर भगिनींनी तपासणी व दवाखान्यातील प्रसूती चुकवू नये. युवकांनी घरोघरी फोन करून दिवस भरत आलेल्या भगिनींची यादी केली. प्रत्येक नावासमोर रात्री-अपरात्री निघणाऱ्या एका वाहनधारकाचे नाव लिहिले. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. पुढील साथ येईल, तेव्हा ती पहिल्याच दिवशी उघडावयाची आहे.

त्या मातेने मला कधीही दोष दिला नाही. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीला आशीर्वाद देताना माझी पावले त्या लहानशा कबरीपाशी थांबतात. तेथे मी प्रथम क्षमा मागतो आणि मग प्रार्थना करतो.