छातीतली गाठ आणि आपलं मौन

आमच्या वस्तीत बीपीवर, शुगरवर कुणीही मोकळेपणाने बोलतं. भीमजयंतीला रक्तदान होतं, डोळे तपासले जातात. पण स्तनात गाठ लागली तर बाई सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. वर्षावासात विहारातल्या महिलांच्या बैठकीत आम्ही हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा पुरुष कार्यकर्ते हळूच चहाला बाहेर गेले. माईकवरून मनुस्मृतीवर तासभर बोलणारे हेच आमचे बंधू!

या मौनाचा फायदा कुणाला होतो? एकीकडे अंगारा देणाऱ्या भगताला, दुसरीकडे भीती विकणाऱ्या दवाखान्याला. आमच्याकडची एकोणीस वर्षांची मुलगी. अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. गुळगुळीत, न दुखणारी, बोटाखालून सरकणारी. खाजगी डॉक्टरने सोनोग्राफीसुद्धा न करता सांगितलं, उद्याच काढू, नाहीतर कॅन्सर होईल. आई कानातले गहाण ठेवायला निघाली होती. आम्ही तिला थांबवलं आणि मुलीला सरकारी रुग्णालयात नेलं. दोन खेटे पडले, रांगेत अख्खा दिवस गेला, हे खरंच. पण सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून बायोप्सी झाली. निदान आलं, फायब्रोॲडिनोमा. गाठ लहान होती, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणाले. ती गाठ आजही आहे आणि पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे आधी समजून घ्या. साधारण पंधरा ते पस्तीस वयात फायब्रोॲडिनोमा जास्त दिसतो. साध्या फायब्रोॲडिनोमाचा कॅन्सर होणं फार दुर्मीळ, काही तर आपोआप आकसतात. तो भराभर वाढला, तीन सेंटिमीटरच्या पुढे गेला किंवा बायोप्सीत शंका आली, तर काढतात. पस्तिशीनंतर पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, जास्त आढळते. ती दुखत असेल तर सुईने पाणी काढतात, साधी असेल तर तशीच सोडतात. पाळीच्या आधी स्तन जड होऊन गाठीगाठी लागतात आणि नंतर कमी होतात, तो हार्मोनचा खेळ. अंगावर पाजणाऱ्या आईला ताप आणि लाल, दुखरी गाठ आली तर तो गळू असू शकतो, तिथे लगेच उपचार हवेत. आपल्या देशात स्तनाचा टीबीही होतो. तो टीबीच्याच गोळ्यांनी बरा होतो, पण तपासल्याशिवाय कळणार कसा?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच की हाताने तपासणी, सोनोग्राफी (चाळिशीपुढे मॅमोग्राफीही) आणि गरज पडल्यास सुईची बायोप्सी, हा क्रम पूर्ण झाल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही अफवा आहे. तिने आपल्या कितीतरी बायकांना घरी बसवलं.

काहीजण विचारतात, हा चळवळीचा प्रश्न आहे का? बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1938 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने तिथेच संततिनियमनाचा ठराव आणला. बाईचं शरीर त्यांना सभागृहात बोलण्याइतकं महत्त्वाचं वाटलं आणि आपल्याला विहारात लाज वाटते! 'लग्न जमणार नाही' म्हणून मुलीची गाठ लपवणारं घर आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर एकच असतं, हे आम्ही पाहिलंय.

गाठ घट्ट, न हलणारी असेल, कातडी आत ओढली जात असेल, बोंड आत वळलं असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर एक आठवडाही थांबू नका. पाळी बंद झाल्यावर आलेली नवी गाठ दुखत नसली तरी दाखवा. जाताना सोबत एक बाई न्या आणि बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या. पुढच्या खेपेला डॉक्टर बदललेला असतो, फाईल सापडत नाही. तेव्हा तोच कागद कामाला येतो.