समुद्रापलीकडील गिटार

दुर्मिळ वस्तूचा शोध हें एक व्रतच आहे, असें तें आचरणाऱ्यांकडे पाहून वाटतें. जुन्या पोथ्यांसाठीं गांवोगांव हिंडणारे विद्वान् वाचकांस ठाऊकच आहेत. नाण्यांवर आणि टपालाच्या तिकिटांवर जीव टाकणारेहि थोडे नाहींत. परंतु एका वाद्यासाठीं परदेशच्या दुकानांचे उंबरठे, घरबसल्या कां होईना, झिजविणारा भक्त आम्हीं पाहिला तो आमच्याच घरांत. हा आमचा पुतण्या, आणि त्याचें आराध्यदैवत म्हणजे विजेची गिटार.

आमच्या एकत्र कुटुंबांत संगीताला मज्जाव कधींच नव्हता. वडिलांची पेटी अद्यापि माजघरांत आहे; आणि ‘हें परकें वाद्य कशाला?’ असें कोणी विचारलें, तर पेटीहि मूळची फ्रान्समधली, एवढें सांगितलें कीं वाद मिटे. आमचा प्रश्न निराळाच होता. बाजारांत नवी गिटार मिळत असतां याला चाळीस वर्षांची जुनी, आणि तीहि जपानांतलीच कां हवी?

त्याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. या वाद्याचें माहेर अमेरिका. गिब्सनची ‘लेस पॉल’ १९५२ सालीं निघाली आणि फेंडरची ‘स्ट्रॅटोकॅस्टर’ १९५४ सालीं. त्या काळच्या अस्सल गिटारींच्या किंमती आज घरादाराच्या किंमतींशीं स्पर्धा करितात. पुढें जपानी कारागीर त्यांच्या इतक्या हुबेहूब प्रतिकृति करूं लागले कीं, आयबानेझ गिटारी अमेरिकेंत विकणाऱ्या पेढीवर १९७७ मध्यें गिब्सनच्या मालक कंपनीनें गिटारीच्या माथ्याच्या आकारावरून फिर्याद लाविली; ती आपसांत मिटली. फेंडरनें दुसरा मार्ग धरिला. १९८२ मध्यें जपानी व्यापाऱ्यांच्या भागीदारींत तेथेंच कंपनी काढून, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडून आपल्या नांवाच्या गिटारी करून घेतल्या. ज्याच्या हातून नक्कल उत्तम उतरते, त्याच्याच हातीं अस्सल सोंपविण्याचें हें चातुर्य! त्यांतल्या कित्येक गिटारी जपानच्या बाजारापुरत्याच होत्या. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्यांच्या क्रमांकाआधीं ‘जे. व्ही.’ हीं अक्षरें असतात. पुतण्याचा जीव जडला होता तो अशाच एकीवर.

पण क्रमांकावर विसंबून भागत नाहीं. चुंबकाभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तारेचा कंप तें टिपतें आणि त्यांतून नाद निघतो. तें वेटोळें बदललें, दांडा दुसऱ्या गिटारीचा लाविला, तरी वरून कांहीं कळत नाहीं. म्हणून हा मुलगा महिनोन्‌महिने डाग दिलेले सांधे, स्क्रू आणि दांड्याच्या टोंकावरचे शिक्के यांचीं छायाचित्रें मागवून पारखीत असे.

लांकडाचीहि चौकशी करावी लागते. बोटें फिरतात ती पट्टी पुष्कळदां शिसवीची असते. ब्राझीलची शिसव बेसुमार तोडीनें दुर्मिळ झाली, म्हणून १९९२ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘सायटीस’ कराराची कडक बंधनें आहेत. तिची पट्टी असलेली जुनी अमेरिकन गिटार परवान्यावांचून सीमा ओलांडूं शकत नाहीं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या कुळांतील सर्वच जातींना परवान्याचा नियम लागला आणि वादकांची तारांबळ उडाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना मोकळीक मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र नाहीं. पुतण्याच्या गिटारीची पट्टी हिंदी शिसवीची निघाली. जें झाड आपल्या सह्याद्रींत वाढतें, ज्याचे पलंग आणि देव्हारे आपल्या वाड्यांतून आहेत, त्याचेंच भावंड जपानांतून परत यावयाचें होतें!

व्यवहार ठरण्याच्या बेतांत असतां जपानांतल्या त्या विक्रेत्यानें आपण होऊन कळविलें, “पेटीवर ‘भेट’ असें लिहितों, किंमत चौथाई दाखवितों; तुमची जकात वांचेल.” पुतण्याची दोन वर्षांची शिल्लक गिटारीपुरतीच होती, जकातीपुरती नव्हती. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत चर्चा झाली. धाकटे बंधु म्हणाले, “सारेच असें करितात.” आम्हीं दोन अडचणी दाखविल्या. वाटेंत दांडा मोडला, तर विमा कागदावरच्या किंमतीपुरताच; आणि डिसेंबर २०१९ च्या आदेशानें टपालानें किंवा कुरिअरनें आलेला माल ‘भेट’ म्हणून सोडविणें सरकारनें बंद केलें आहे. अपवाद दोनच: प्राणरक्षक औषधें आणि राखी.

परंतु निकाल लागला तो कायद्यानें नव्हे. थोरल्या वहिनी इतका वेळ सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, इतके महिने तूं तिचा एकेक स्क्रू खरा कीं खोटा तें पाहात होतास. आतां तिच्या कागदावर खोटें लिहविणारा तूंच का?”

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें पूर्ण किंमत लिहिण्याची अट घातली आणि जकातीची रक्कम जमेपर्यंत मुदत मागितली. विक्रेता थांबला नाहीं. गिटार दुसऱ्या कोणाकडे गेली. मुलगा आठवडाभर जेमतेम जेवला, आणि वहिनींच्या डोळ्यांसहि त्या दिवसांत डोळा लागला नाहीं, हें आम्ही जाणतों.

दहा महिन्यांनीं टोकियोच्या ओचानोमिझु भागांत, जेथें वाद्यांचीं दुकानें ओळीनें आहेत, तशीच दुसरी सांपडली. किंमत थोडी अधिक पडली, जकात पुरी भरली. ध्वनिवर्धक मात्र येथलाच घेतला, कारण जपानची वीज १०० व्होल्टांची आणि आपली २३० ची. जकातीची पावती आतां गिटारीच्याच पेटींत असते. जुन्या वाद्याला कुळवृत्तान्त लागतो. तें कोठें घडलें, कोणाकडून कोणाकडे गेलें, हें सांगणारे कागद खरे असतील तरच त्याला दुर्मिळ म्हणावयाचें. एरव्हीं तें नुसतें जुनें. सायंकाळीं वरच्या मजल्यावरून तिचे सूर येऊं लागले, म्हणजे वहिनी देवापाशीं वात सारतां सारतां क्षणभर थांबतात. आवाज अंमळ मोठाच असतो. पण अद्यापि त्याविषयीं त्यांनीं एक शब्दहि काढिलेला नाहीं.