वर्ध्यास गेलो असता

3 ते 5 फेब्रुवारी 2023 या तीन दिवसांत वर्धा येथे 96वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. प्रतिनिधी म्हणून आम्हीही गेलो होतो. तेथील भाषणांचे वृत्त वाचकांनी वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. त्याची द्विरुक्ती न करता, दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडून आम्ही कोठे गेलो, तेवढेच येथे निवेदन करतो.

वर्ध्याहून सेवाग्राम अवघे 8 किलोमीटर. 1936 साली गांधीजी येथे राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव 1940 सालचे. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलूंचे छप्पर असलेली बापूकुटी पाहून आम्ही निघणार, तोच तेथील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, परचुरे कुटी राहिली की!”

परचुरेशास्त्री हे संस्कृतचे जाडे विद्वान. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी त्यांचा परिचय झाला होता. महारोगाने ग्रस्त होऊन ते 1939 साली आश्रमात आश्रयास आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच झोपडी बांधवून दिली, त्यांच्या जखमा धुतल्या, स्वहस्ते अंगास मालिश केली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी तर 1936 सालीच वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम काढले होते. पुढे शास्त्रीबोवा तेथे राहावयास गेले.

त्या झोपडीच्या उंबऱ्याशी आमचे पाय अडखळले. आमचे थोरले काकाही शास्त्रीच. आमच्या बालपणी त्यांस हीच व्याधी जडली आणि गोठ्यापलीकडील खोलीत त्यांची रवानगी झाली. त्यांचे ताट पोहोचविण्याचे काम आमच्याकडे होते. ताट उंबऱ्यावर ठेवावे आणि पळत सुटावे, अशी आज्ञा होती. काका आतून म्हणत, “बाळ, जरा थांब. लांबूनच रूपे म्हण.” रामः रामौ रामाः येथून आरंभ करून रघुवंशापर्यंत आम्ही पोहोचलो, तो असा, गोठ्याच्या आडून! ज्या विद्येवर आम्ही आयुष्यभर पोट भरले, ती देणाऱ्याच्या पायांस आम्ही एकदाही हात लावला नाही.

नॉर्वे देशातील बर्गेन या समुद्रकाठच्या नगरात डॉक्टर हॅन्सेन यांनी 1873 सालीच या रोगाचा जंतू शोधला होता. 1909 साली त्याच नगरात या रोगाविषयीची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली होती. हा पूर्वजांच्या पापाचा भोग नव्हे, हे जगास केव्हाच कळून चुकले होते. काकांच्या हयातीत औषधही निघाले होते. परंतु घराने लपविलेल्या रोगास औषध कोण देणार? आज तर गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो. ज्ञान आमच्या दारापर्यंत आले होते. उंबरा मात्र आम्हीच ओलांडला नाही.

सायंकाळी मंडपात परतलो. मराठीच्या वैभवावर टाळ्या पडत होत्या. आमचे लक्ष लागेना.

काकांचे नाव आमच्या घरच्या तर्पणात कधी घेतले जात नसे. त्या वर्षीच्या पितृपक्षात आम्ही ते मोठ्याने उच्चारले. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली, नातवंडे विचारू लागली, “आजोबा, हे कोण?”

तेव्हा सर्वांस जवळ बसवून, आम्ही कसे पळत असू, येथूनच सांगावयास आरंभ केला.